ईपोलवरचा इव्हेंट लूप फ्रीबीएसडीवर नेला, सीपीयू १००% आणि मधेच क्रॅश

उद्यमबाग_सी:
नमस्कार मंडळी. फोनवर मराठी कीबोर्ड आहे, त्यामुळं फंक्शनची नावं पण देवनागरीतच टाईप करायलोय, सांभाळून घ्या.

फाउंड्रीत फर्नेसचा डेटा गोळा करायचा एक छोटा डीमन (बॅकग्राउंडला चालत राहणारा प्रोग्रॅम) आहे माझा, सी मध्ये. १२ पीएलसी (मशीनचे कंट्रोलर) मॉडबस टीसीपीवर म्हणजे नेटवर्कवर, दोन जुने टेंपरेचर इंडिकेटर आरएस-४८५ वर म्हणजे सिरीयल तारेवर यूएसबी कन्व्हर्टर लावून, आणि वर ऑफिसात तीन-चार जण ब्राउझर उघडून आकडे बघत बसलेले असतात, बस्स एवढंच काम. आतला लूप मीच लिहिलाय, ईपोलवर (कुठलं कनेक्शन वाचा-लिहायला तयार आहे ते सांगणारी लिनक्सची सोय), लिनक्सवर दोन वर्षं बिनतक्रार चाललाय. आता दुसरा एक कस्टमर म्हणतोय वेगळा पीसी ठेवणार नाही, गेटवेची पेटी आहे तिच्यावरच चालवा, आणि त्या पेटीवर फ्रीबीएसडी, लिनक्ससारखीच पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम. म्हटलं आपला लूप तसा सुटसुटीत आहे, पाच फंक्शन पॉइंटरचं एक स्ट्रक्ट, इनिट ॲड मॉड डेल वेट, खाली ईपोलच्या जागी केक्यू (फ्रीबीएसडीची तशीच सोय, तिचा कॉल म्हणजे केव्हेंट) लावलं की झालं, शनिवार-रविवारचं काम.

तीन आठवडे झाले ओ.

ब्राउझरला एकदा पान पाठवून झालं की सीपीयू जो १०० ला चिकटतो तो उतरतच नाही. ट्रस (प्रोग्रॅमचे सिस्टीम कॉल दाखवणारं टूल) लावून बघितलं तर केव्हेंटचा कॉल नुसता धो धो, दर वेळी तोच ९ नंबरचा एफडी (उघडलेल्या कनेक्शनचा नंबर) आणि फिल्टर राईटचा. मी मात्र मॉड (नोंद बदलायचं फंक्शन) मध्ये फक्त रीड सांगितलंय, दहा वेळा तपासलं. दुसरं म्हणजे कुणी पान अर्धवट लोड होताना टॅब बंद केला की कधीतरी क्रॅश, कोअर (क्रॅशच्या वेळच्या मेमरीची फाईल) उघडून बघावं तर कनेक्शनच्या स्ट्रक्टमध्ये सगळा कचरा. आणि तिसरं तर कळतच नाही, टर्मिनलवर चालवलं की चालतं, मायनस डी देऊन बॅकग्राउंडला टाकलं की पहिल्याच केव्हेंटला ईबॅडएफ, म्हणजे एफडी चुकीचा अशी एरर. मशीन बदलून बघितलं, तेच. एक चूक मात्र माझी मलाच सापडली, ईपोलला मायनस १ टाइमआउट म्हणजे कायम थांब, तेच गुणून-भागून टाइमस्पेक मध्ये घातलं तर ऋण नॅनोसेकंद जाऊन ईइनव्हॅल (चुकीची व्हॅल्यू अशी एरर) येत होता, तिथं आता नल देतोय. बाकीच्याचं काय ते कुणीतरी सांगा.

निपाणीकर_७१:
लिबयूव्ही ही तयार इव्हेंट लूपची लायब्ररी वापर आणि मोकळा हो की मर्दा. नोड जेएसच्या खाली तेच आहे, लिनक्स, बीएसडी, मॅक, विंडोज सगळं त्यांनी आधीच निस्तरून ठेवलंय. उद्या तिसरा कस्टमर विंडोज मागेल तेव्हा काय करणार आहेस? विंडोजचं आयओसीपी 'वाचायला तयार आहे' असं सांगतच नाही, 'वाचून झालं' असं सांगतं. तुझ्या पाच फंक्शनांत ते बसणारच नाही.

उद्यमबाग_सी:
दादा मान्य, पण कस्टमर विंडोज मागत नाही आणि माझ्या लूपच्या सगळ्या मिळून ७०० ओळी आहेत. रात्री दोनला फोन आला तर स्वतःच्या ७०० ओळी वाचता येतात, दुसऱ्याच्या नाही. आणि खरं सांगायचं तर आता इरेला पेटलोय.

जुना_बीएसडीवाला:
इरेला पेटलाय ते बरं केलंत, कारण हे कळलं की लिबयूव्ही वापरताना पण उपयोग होतो. मूळचा बेळगावच्या टिळकवाडीचा, आता पुण्यात, केक्यू फ्रीबीएसडी ४.१ मध्ये आलं तेव्हापासून, म्हणजे २००० पासून बघतोय. ईपोल त्याच्या नंतरचं, २००२ चं.

सीपीयूचं आधी घ्या. ईपोलमध्ये एका एफडीची एकच नोंद असते आणि तिच्यात मास्क, म्हणजे रीड हवं का राईट हवं ते सांगणारे बिट. मॉड केलं की जुना मास्क जातो, नवा बसतो, म्हणजे पाटी पुसून नवीन लिहिणं. केक्यूत नोंद एफडीची नसतेच, एफडी आणि फिल्टर अशा जोडीची असते. ९-रीड ही एक नोंद, ९-राईट ही दुसरी, एकमेकींशी काही संबंध नाही. तुम्ही मॉड मध्ये रीड सांगितलं, म्हणजे ईव्ही-ॲड करून रीडची ओळ परत लिहिली. राईटची ओळ कुणी पुसली? कुणीच नाही, तुम्हाला पुसायला सांगावं लागतं, ईव्ही-डिलीट. आणि सॉकेटच्या सेंड बफरमध्ये जागा असली की तो राईटला कायम तयारच, म्हणून केव्हेंट न थांबता लगेच परत येतो. पान पाठवून झाल्यावरच का सुरू होतं ते पण त्यातच आलं, तोपर्यंत राईट मागितलेलंच नव्हतं. (पाटी म्हटलं म्हणून इथं पाट्यांवरून भांडण सुरू करू नका, आपल्या बेळगावकरांचा भरवसा नाही.)

उपाय सोपा आहे. प्रत्येक एफडीसाठी आत्ता कर्नलकडं काय नोंदवलंय ते स्वतःकडं ठेवा, मॉड आला की नव्याशी ताडून बघा, जो बिट नवीन आला त्याला ॲड, जो गेला त्याला डिलीट. डोळे झाकून दोन्हीला डिलीट मारू नका, नसलेल्या नोंदीला डिलीट केलं की ईनोएंट (अशी नोंदच नाही ही एरर) येतो. केव्हेंटला बदलांची यादी आणि वाट बघणं एकाच कॉलमध्ये देता येतं, मोह होईल तुम्हाला, ईपोलला तर प्रत्येक बदलाला वेगळा सिस्टीम कॉल लागतो. पण आत्ता नको. यादी साठवून ठेवली, मधे एफडी बंद झाला आणि तोच नंबर नव्या कनेक्शनला मिळाला, तर जुना बदल नव्याच्या अंगावर जातो. बदल आला की लगेच केव्हेंट मारा, तुमच्या १२ पीएलसीला काही फरक पडत नाही.

क्रॅशचं मूळ पण हेच. ईपोल एका एफडीचं रीड-राईट दोन्ही एकाच घटनेत देतं. तुमचा कोड बहुतेक असा असणार, रीडचा कॉलबॅक चालवला, त्यात कनेक्शन बंद झालं तर राईटकडं न जाता बाहेर. बरोबर? इथं ॲरेमध्ये दोन वेगळ्या घटना येतात. तिसऱ्या जागेवर ९-रीड, चौथ्या जागेवर ९-राईट. तिसरीच्या कॉलबॅकमध्ये तुम्ही क्लोज केलं, फ्री केलं. क्लोजबरोबर कर्नलमधल्या नोंदी आपोआप जातात हे खरं, पण चौथी घटना तर आधीच तुमच्या ॲरेत येऊन पडलीय, आणि तिच्या यूडेटात (नोंदवताना आपण जोडून दिलेला पॉइंटर) फ्री केलेल्या स्ट्रक्टचा पत्ता आहे. म्हणून फ्री लगेच करू नका. 'बंद' असा फ्लॅग लावा, स्ट्रक्ट एका यादीत टाका, घटना वाटताना फ्लॅग दिसला की ती सोडून द्या, आणि अख्खा ॲरे संपल्यावर यादी रिकामी करा. लिनक्सवर पण हा बग तुमच्यात आहेच बरं का, एका कनेक्शनच्या कॉलबॅकमधनं दुसरं कनेक्शन बंद केलंत की तिथंही असाच आपटेल, फक्त अजून वेळ आली नव्हती.

खानापूर_पाऊस:
ईबॅडएफवर मी पण एक अख्खा दिवस घालवलाय म्हणून लिहितो. मायनस डी दिलं की प्रोग्रॅम फोर्क होतो, म्हणजे स्वतःची दुसरी प्रोसेस (मूल) काढून तिच्यात पुढं चालतो. केक्यू फोर्क नंतर मुलाकडं जात नाही. मॅन पेजवर एका ओळीत लिहिलंय, कुणी वाचत नाही, मी पण वाचलं नव्हतं. लिनक्सवर ईपोलचा एफडी मुलाला मिळतो त्यामुळं तिथं आधी इनिट आणि मग डीमन असं चालून जातं. तुमचा क्रम तसाच असणार. आधी डीमन करा, मग केक्यू उघडा.

आणि आरएस-४८५ चं आत्ताच सांगून ठेवतो, टीटीवाययूएसबी-शून्य शोधत बसाल, फ्रीबीएसडीवर ते सीयूएयू-शून्य असतं. नाव कॉन्फिग फाईलमध्ये घाला, कोडमध्ये नको.

उद्यमबाग_सी:
जुने दादा, तुम्ही माझा कोड न बघता सांगितलात, अगदी तसंच 'बंद झालं तर बाहेर' लिहिलंय मी, कमेंटसकट. कालच रात्री मास्क ताडायचं केलं, सीपीयू खाली. डीमनचा क्रम बदलला, ते पण गेलं. फ्री पुढं ढकलल्यापासून मुद्दाम शंभर-दीडशे वेळा टॅब बंद करून बघितलं, बायको म्हणाली काय चाललंय तुमचं, पण पडलं नाही.

नवीनच एक निघालंय आता. एक स्क्रिप्ट आहे, ती कनेक्ट करून एक ओळ पाठवते, तिच्या बाजूनं लगेच बंद करते, ती ओळ कधी पोचते कधी नाही. मी ईव्ही-ईओएफ दिसला की त्याला हँगअप समजून थेट क्लोज करायलोय.

जुना_बीएसडीवाला:
तेच चुकतंय. रीड फिल्टरवर ईओएफचा फ्लॅग आला म्हणजे समोरचा आणखी काही पाठवणार नाही, एवढंच. आधी पाठवलेलं बफरमध्ये अजून पडलेलं असू शकतं, किती बाइट आहेत ते त्याच घटनेच्या डेटा फील्डमध्ये लिहून पण येतं. तो फ्लॅग बॅकएंडमधनं वर हँगअप म्हणून पाठवूच नका, साधं 'वाचायला आहे' म्हणून पाठवा. वरचा कोड रीड करत जाईल, शून्य मिळालं की स्वतःच बंद करेल. मात्र ईव्ही-एरर वेगळा, त्यात डेटा फील्डमध्ये एररचा नंबर असतो, तो गिळू नका.

निपाणीकर_७१:
सातशेच्या किती ओळी झाल्या आता?

उद्यमबाग_सी:
७८० 😄 ईओएफचं दादांनी सांगितलं तसं केलं, स्क्रिप्ट हजार वेळा फिरवली, हजारच्या हजार ओळी आल्या. फ्री पुढं ढकलायचं लिनक्सच्या बिल्डमध्ये पण टाकलंय. आत्ता पेटीवर ट्रस लावून बसलोय, ब्राउझर सगळे बंद, सेकंदाला एकदा मॉडबसच्या पोलिंगसाठी केव्हेंट उठतोय, १२ वेळा लिहितोय, १२ वेळा वाचतोय आणि परत झोपतोय.