सोलापुरी चादर फ्रेंचमध्ये लिहिताना 'तिसे' कुणाच्या लिंगाचं?

अशोक चौक : फ्रेंच शिकालोय, सुरुवातीच्याच पायऱ्यांवर आहे. मावसभावाच्या कारखान्यातल्या चादरींच्या लेबलसाठी एक ओळ केली : 'यून कूव्हर्त्यूर द कोतों तिसे आ सोलापूर.' कूव्हर्त्यूर म्हणजे चादर, स्त्रीलिंगी; कोतों म्हणजे कापूस. घोडं अडलंय 'तिसे'पाशी, म्हणजे 'विणलेलं'. शेवटी स्त्रीलिंगाचा जादा 'ई' लिहायचा का? क्लासमधली मैत्रीण म्हणते, 'तिसे'ला लागून 'कोतों' आहे, तो पुल्लिंगी, म्हणून नको. उच्चार दोन्हींचा एकच, त्यामुळे कानाने काही ठरत नाही.

होटगी रोड : दोन्ही चालतं, पण अर्थ बदलतो. 'ई' लावला तर विशेषण कूव्हर्त्यूरचं : सोलापुरात विणलेली सुती चादर. नाही लावला तर कोतोंचं : सोलापुरात विणलेल्या सुती कापडाची चादर. तुमची चादर मागावरूनच चादर म्हणून उतरते, तेव्हा 'ई' लावा. मराठीत 'विणलेली' आणि 'विणलेल्या' यांत आपली गफलत कधी होते का? तोच कान इथं वापरायचा.

बाळीवेस : मुळात चादरीला कूव्हर्त्यूर कशाला? माझ्या शब्दकोशात चादर म्हणजे 'द्रा'. आम्ही तर गादीवर चादरच अंथरतो.

होटगी रोड : द्रा म्हणजे अंथरायचं पातळ कापड. त्यालाच 'द बँ' जोडलं की आंघोळीचा मोठा टॉवेल होतो. सोलापुरातून टॉवेलही बाहेर जातात, तिथं हा घोळ महागात पडेल. कूव्हर्त्यूर आलंय 'कूव्ह्रीर'वरून, झाकणे. म्हणजे पांघरूण.

अक्कलकोट नाका : कन्नडमध्ये हा भेद चोख आहे. हासु म्हणजे अंथरणे, पांघरायची ती होदिके. आमची आजी सोलापुरी चादरीला होदिकेच म्हणायची, अंथरलेली तिला खपत नसे. बाळीवेसवाले, तुमची ती पलंगपोस असणार.

बाळीवेस : पलंगपोस नाही हो, चांगली जाड जेकार्डची आहे! वस्तू घरोघरी जशी वापरतात तसाच तिचा अर्थ. आजीच्या वापराला मान आणि आमच्या वापराला नाही, हे कसं?

साखर पेठ : आम्ही तेलुगू बोलणारे, मागावरची माणसं. घरात दुप्पटी म्हणतो, बाजारात चादर. आणि जेकार्ड म्हणालात म्हणून सांगतो, ते यंत्रच फ्रेंच. ल्याँच्या जोझेफ मारी जाकारचं, 1804 सालचं. नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं ओवत माझ्या वडिलांचा जन्म गेला. माझं म्हणणं, 'चादर' हाच शब्द लेबलवर ठेवा. ज्यांनी विणली त्यांच्या गावचं नाव तिला जोडलंय, ते दुसऱ्या शब्दात उतरणार नाही.

होटगी रोड : दादा, भावना पटते, पण फ्रेंचमध्ये 'चादोर' आधीच आहे. याच फारसी शब्दावरून गेलेला. त्याचा अर्थ इराणी बायका डोक्यावरून घेतात ते वस्त्र. शेजारी कूव्हर्त्यूर हवंच.

दत्त चौक : म्हणजे चादर शेवटी फारसीच. आपला शब्द पासोडी! संतकवी दासोपंतांनी ज्यावर लिहिलं ती अंबाजोगाईची पासोडी आठवा. जाड, सुती, अंगावर घ्यायची. तोच शब्द पुन्हा रुळवायला हवा.

साखर पेठ : पेठेत जाऊन पासोडी मागून बघा. दुकानदार काय दाखवतो ते इथं लिहा.

दत्त चौक : मागितलीच नाही तर दाखवणार कसा? शब्द असेच जातात.

अशोक चौक : सगळ्यांचे आभार. एक राहिलं. फ्रेंचमध्ये चादोर पुल्लिंगी, फारसीत लिंगच नाही, मग मराठीत 'ती' चादर कशी झाली?

अक्कलकोट नाका : ती घोंगडी, ती वाकळ, ती शाल. अंगावर घ्यायचं ते स्त्रीलिंगी.

बाळीवेस : मग ते कांबळं, ते पांघरूण? तुमच्या नियमात ही दोन बसवून दाखवा.