मदत हवी आहे: नागपुरात उन्हाळ्यात चालायला कुठे जावं?
नमस्कार मंडळी, आमचा दर रविवारी पायी भटकणारा गट आहे, शाळकरी पोरांपासून सत्तरीच्या काकांपर्यंत. हिवाळ्याची चिंता नाही: अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी रामटेकचा गड, कधी अदासा. पावसाळ्यात शेतातल्या वाटा टाळतो. काळी माती बुटांना अशी चिकटते की पाय उचलत नाही.

अडतं ते एप्रिल-मेमध्ये. पारा ४५ ला टेकतो, साडेसातलाच ऊन भाजायला लागतं आणि पानं झडलेल्या सागाखाली सावलीच नसते. सेमिनरी हिल्स आता सगळ्यांना पाठ झालं आहे.

शहरापासून तासाभरावर, दाट सावलीची, पहाटे पायी फिरू देतात अशी जागा सुचवाल का? वाघाच्या जंगलालगतची नको, पोरं सोबत असतात. काकांना घेऊन किती वाजेपर्यंत परतावं, हेही अनुभवी लोकांनी सांगा.