डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं लॅटिन: 'ओडी बीडी' नेमकं कसं वाचायचं?

प्रश्न
डी.फार्म.ला (फार्मसी डिप्लोमा) आहे, संध्याकाळी मेडिकलवर बसतो. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा) पाठ आहेत, पण मूळ शब्द माहीत नाहीत. डोळ्यांच्या थेंबांपुढे 'ओडी बीडी' असं असेल तर काय समजायचं? आणि चिठ्ठीच्या सुरुवातीला असतं ते आरएक्स म्हणजे काय?

उत्तर 1
आरएक्स म्हणजे 'रेसिपे', अर्थ 'घे'. हे पेशंटला नाही, औषध बनवणाऱ्याला सांगितलेलं: अमुक घे, तमुक घे, मिसळ. पेशंटसाठीची सूचना खाली 'सिग्ना'पुढे यायची, म्हणजे 'लेबलवर लिही'.

संस्कृत जवळ ठेवा, पाठांतर लागत नाही. बीडी 'बिस इन डिए': बिस म्हणजे आपलं द्विः. टीडीएस 'टेर डिए सुमेंदुम': टेर म्हणजे त्रिः. डिए आणि दिवस एकाच कुळातले. ओडी 'ओम्नी डिए', रोज. एचएस 'होरा सोम्नी', झोपताना. सोम्नुस आणि स्वप्न सख्खे. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर.

उत्तर 2
थेंबांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे 'ओकुलुस डेक्स्टर', उजवा डोळा (डेक्स्टर आणि दक्षिण, तेच मूळ). ओएस डावा, ओयू दोन्ही. म्हणून 'ओडी बीडी' म्हणजे उजव्या डोळ्यात दिवसातून दोनदा. पण नुसतंच 'ओडी' असेल तर रोज एकदा की उजवा डोळा, हे चिठ्ठीवरून ठरवता येत नाही. अंदाज नको, डॉक्टरांना फोन करा.

उत्तर 3
अर्थ कळला की हिशोबही करा. सिरप 5 मि.लि. टीडीएस, 5 दिवस म्हणजे 75 मि.लि.; 60 ची बाटली दिली तर चौथ्या दिवशीच संपते. एसओएस, म्हणजे 'सी ओपुस सिट', गरज पडली तर; यात दोन डोसांतलं अंतर आणि दिवसाची कमाल मर्यादा येत नाही, ती विचारून घ्या.

लेबल मात्र मराठीतच लिहा. लंडनचं 1618 चं औषधकोश लॅटिनमध्ये होतं. निकोलस कल्पेपरनं 1649 मध्ये ते इंग्रजीत आणलं, ते सामान्य माणसाला वाचता यावं म्हणूनच. सांधेदुखीसाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असते. ती ओडी समजून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड येतं, जीवही जाऊ शकतो. त्या पाकिटावर 'फक्त सोमवारी' असं वार घालून लिहा आणि पेशंटकडून एकदा वाचून घ्या.