टीएक्सटी टाकला तरी डोमेनची पडताळणी होत नाही

प्रश्न (सांगली): मार्केट यार्डातल्या हळद पेढीचं डोमेन एका मायक्रोसॉफ्ट ३६५ टेनंटमधून (संस्थेच्या खात्यातून) दुसऱ्यात न्यायचंय. डोमेन आपलंच आहे हे पटवणारा टीएक्सटी रेकॉर्ड (डोमेनच्या नोंदींमधली मजकुराची नोंद) कालच टाकला, तरी 'सापडला नाही' येतंय. जुना टेनंट चालूच आहे.

उत्तर (सातारा): होस्टच्या रकान्यात काय लिहिलंय? तिथं फक्त @ हवं. पूर्ण डोमेन लिहिलं की बरीच पॅनेल (डोमेनच्या नोंदी भरायची पानं) पुढं तेच डोमेन पुन्हा जोडतात आणि रेकॉर्ड भलत्याच नावावर बसतो. एनएसलुकअप या कमांडनं टीएक्सटी विचारून बघा. तरी नाही दिसला तर नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) तपासा. ते दुसरीकडे असतील तर या पॅनेलमधलं कुणी वाचतच नाही.

उत्तर (मिरज): रेकॉर्ड दिसला तरी पुढं अडेल. एक डोमेन एका वेळी एकाच टेनंटमध्ये राहतं. आधी जुन्यातले सगळे यूजर, ग्रुप, एलियास (जोड ईमेल पत्ते) टेनंटसोबत मिळालेल्या ऑनमायक्रोसॉफ्टच्या पत्त्यावर हलवा, मग डोमेन काढा. एक शेअर्ड मेलबॉक्स राहिला तरी ते सुटत नाही. आणि कृपा करून जुना एसपीएफ (या डोमेनच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारा टीएक्सटी) खोडू नका! पडताळणीचा टीएक्सटी शेजारी वेगळा टाका. असे टीएक्सटी कितीही चालतात, एसपीएफ मात्र एकच. एमएक्सचा (मेल कुठल्या सर्व्हरवर जावा ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ साठवून ठेवायची तो काळ, डोमेन हलवायच्या आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा.

प्रश्नकर्ता: होस्टमध्ये पूर्ण डोमेनच होतं. @ केल्यावर दिसला. आता एलियास शोधतोय.