मोरचूद की मोरथुथू?

दांडिया बाजार, वडोदरा : ग्रंथबांधणीवरील एका गुजराती टिपणाचा मराठी अनुवाद करताना, खळीला कीड लागू नये म्हणून तीत घालायच्या निळ्या खड्यांना मी ‘मोरथुथू’ लिहिले, कारण आमच्या घरी तोच शब्द चालत आला आहे. पुण्याच्या संपादकांनी तो गुजराती ठरवून ‘मोरचूद’ केला. छापताना कोणता ठेवावा? शिवाय ‘मोर’ कळला, तरी ‘चूद’ म्हणजे काय?

रावपुरा, वडोदरा : संस्कृतात या द्रव्याला ‘तुत्थ’ आणि ‘मयूरतुत्थ’ म्हणतात, आणि हिंदीतला ‘नीला थोथा’ त्याच कुळातला आहे. तेव्हा ज्याला परका म्हणून काढले, त्या ‘मोरथुथू’तच मूळ रूप स्पष्ट दिसते, ‘चूद’मध्ये ते ओळखूही येत नाही.

पुणे : संस्कृतशी जवळीक हा मराठीपणाचा पुरावा होऊ शकत नाही. द्राक्षबागेसाठी बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करणारा नाशिकचा शेतकरी मोरचूद आणि चुनाच म्हणतो. माझ्या मते ‘चूद’ हे ‘चूडा’ म्हणजे तुरा यावरून आले असावे.

रावपुरा, वडोदरा : हे पटत नाही. अमरकोशात याच द्रव्याला ‘शिखिग्रीव’, म्हणजे मोराची मान, असे नाव दिले आहे. साम्य त्या निळाईचे आहे. तुऱ्याचा येथे संबंधच नाही.

सयाजीगंज, वडोदरा : ‘कॉपर सल्फेट’ हे रासायनिक नाव लिहून वाद मिटवावा असे कोणी सुचवण्याआधी, रसायनशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून मी त्याला विरोध नोंदवतो. हे खडे तापवले की प्रत्येक रेणूमागे असलेले पाण्याचे पाच रेणू निघून जातात आणि पांढरी भुकटी उरते. तीही कॉपर सल्फेटच असते, पण तिला मोरचूद कोणी म्हणणार नाही. मोरचुदाच्या 100 ग्रॅम वजनात सुमारे 36 ग्रॅम पाणीच असते, त्यामुळे कृतीत नुसते ‘कॉपर सल्फेट’ लिहिले तर प्रमाण चुकण्याचा धोका आहे. येथे बाजारातले जुने नाव अधिक काटेकोर आहे.

पुणे : हे मान्य, परंतु ‘तुत्थ’शी नाते सांगणारा फारसी ‘तूतिया’ जस्ताच्या भस्मालाही लावला जात असे. म्हणजे नेमकेपणा ‘मोर’ या शब्दाने आणला, ‘थुथू’ने नव्हे.

रावपुरा, वडोदरा : मग तो ‘मोर’ दोन्ही शब्दांत आहे, आणि माझा आक्षेप जागच्या जागी आहे.