उपयोजित मानसशास्त्र जागतिक व्यवसाय कसे झाले?

प्रश्न: उपयोजित मानसशास्त्र हा आंतरराष्ट्रीय व्यवसाय केव्हा झाला, आणि एका देशातील पात्रता पुढे दुसऱ्या देशात चालेल का?

उत्तर १: स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९२० मध्ये व्यवसाय-मार्गदर्शनासाठी जिनिव्हात भरवलेली परिषद हा आरंभ मानावा. तेव्हा या विद्येला 'सायकोटेक्निक्स' म्हणत; तिथून उभ्या राहिलेल्या संघटनेने 'इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी' हे आजचे नाव १९५५ मध्ये घेतले. या संघटनेची १९३१ ची परिषद मॉस्कोत भरली आणि काही वर्षांतच सोव्हिएत सत्तेने ही शाखा तिथे मोडून काढली, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

उत्तर २: पात्रतेबाबत व्यावसायिक मानसशास्त्रातील मूलभूत क्षमतांचा २०१६ चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा मला महत्त्वाचा वाटतो, कारण अभ्यासक्रमापेक्षा व्यावसायिकाला प्रत्यक्ष काय करता यावे यावर त्याचा भर आहे. परवाना मात्र त्या-त्या देशाच्या कायद्यानेच मिळतो.