प्रतिसाद: नवी सायकल महाग का पडते?
दुकानदार भरमसाट नफा लावतात म्हणून नवशिक्यांना सायकल परवडत नाही, हे मला पटत नाही. एकच मॉडेल ४ मापांत आणि २ रंगांत ठेवायचं म्हणजे ८ सायकलींत पैसा अडकतो. शिवाय खोक्यातून काढून चाकांचा आऊट (फिरताना होणारी डुगडुग) काढणं, ब्रेक-गिअर लावणं यात वेळ जातो तो वेगळाच. दुकान बरंचसं तगतं ते दुरुस्ती, टायर-ट्यूब, हेल्मेट यांवर.

आणि पहिल्या सायकलीला स्वस्तातलं सस्पेन्शन (धक्के शोषणारी स्प्रिंगची यंत्रणा) कृपया घेऊ नका! ते जड असतं, उभं राहून पॅडल मारताना दबतं आणि त्याचे पैसे ब्रेक नि चाकांतून कापलेले असतात. साधा, सस्पेन्शन नसलेला फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागी दांडा) आणि आपल्या मापाची फ्रेम बघा. जुनी घेताना चेन नि मागची दातेरी चक्रं झिजलीत का ते आधी तपासा; दोन्ही बदलावी लागली तर वाचलेले पैसे तिथेच जातात.